जनाकाकीच्या म्हशीचं उजवं शिंग

खिळ्यांतून मी एकूण सतरा जनावरं केली. खिळे म्हणजे भिंतीत ठोकतात ते नव्हेत, छापखान्यातली शिशाची अक्षरं. सोळा जनावरं बरी निघाली. एकच चुकलं, आणि नेमकं तेच हरवलेलं होतं.

या अंकासाठी माझ्याकडे लेख मागायला आलेली मुलगी माझ्या नातीच्या वयाची. तिला वाटलं होतं, आजी कष्टाचं सांगेल, काळ्या हातांचं सांगेल. हात काळे होतेच. लग्नात हळदसुद्धा नीट चढली नाही माझ्या नखांवर. पण कामाचं नाव काढलं की माझ्यापुढे उभी राहते ती म्हैस. तेव्हा तिचंच सांगते.

मालवणच्या बाजारात अण्णांचा छापखाना होता. तिथे मी कंपोझिटर. वय बावीस, दोन वेण्या, आणि नाक कायम वर. जिल्हा नुकताच वेगळा झाला होता, त्यामुळे सगळ्या कचेऱ्यांना नव्या नावाचे कागद हवे होते आणि आम्हाला मान वर करायला फुरसत नव्हती. अण्णा म्हणजे काडीसारखा माणूस, चष्म्याची दांडी दोऱ्याने बांधलेली. छपाईचं मशीन पायाने चालवायचं असे. वर्षानुवर्षं ते हाणून अण्णांचा उजवा पाय पैलवानाचा झाला होता आणि डावा त्यांचा स्वतःचाच राहिला होता.

माझं काम असं. समोर लाकडाची मोठी उतरती पेटी, तिच्यात लहान लहान खण, प्रत्येक खणात एकेक अक्षर. डाव्या हातात स्टिक, म्हणजे लोखंडाची पन्हळीसारखी पट्टी. मजकूर बघायचा, उजव्या हाताने अक्षर उचलायचं, स्टिकमध्ये लावायचं. शिशावर अक्षर उलटं असतं, आरशात दिसतं तसं. त्याच्यावर शाई लावून कागद दाबला की कागदावर ते सुलटं उमटतं. हे उलटं वाचायला शिकायला सहा महिने जातात. मग अशी सवय होते, की बघावं लागत नाही. हातच वाचतात. काम संपलं की सगळी अक्षरं पुन्हा ज्याच्या त्याच्या खणात टाकायची. हा भाग कुणालाच आवडत नाही.

जनावरांची सुरुवात एका शाळेच्या वार्षिकामुळे झाली. एका पानाखाली चार बोटं जागा रिकामी राहिली. अशा जागी फुल्या टाकायची पद्धत होती. मी तिथे मांजर बसवलं. डोळ्यांना एक ळ, कानांना दोन काकपदं, मिशांना आडव्या रेघा, शेपटीला ऽ. हेडमास्तर खूश झाले. मी इतकी खूश झाले, की घरी जाऊन आईला सांगितलं, "मी कलावंत आहे."

आई मासे कापत होती. मान वर न करता म्हणाली, "खिळे जुळवतंस तसो येखादो नवरो जुळव. मगे कलावंत हो."

पण पुढे गिऱ्हाइकंच मागायला लागली. बर्फवाल्याच्या पावतीवर मी बांगडा केला, खवल्यांच्या जागी ओळीने कंस लावून. एका लग्नपत्रिकेवर मोर हवा होता. पिसाऱ्याला श्री लावले, मोठे, धाकटे, त्याहून धाकटे. माझ्या मते मोर अप्रतिम होता. मुलीच्या वडिलांनी प्रूफ जवळून बघितलं, लांबून बघितलं. शेवटी अण्णांना बाजूला घेऊन म्हणाले, "अण्णानू, कोंबडी कशाक घातल्यात? लोक समाजतले, जेवणाक कोंबड्याची सागोती आसा. मांडवात मावूचे नाय!" मोर काढला. मी दोन दिवस कुणाशी बोलले नाही. कलावंतांनी रागवायचं असतं असं मला वाटे. कुणाच्या लक्षातही आलं नाही, हा भाग वेगळा.

आणि मग जनाकाकी आली.

कार्तिकातली सकाळ होती. कसालच्या अलीकडच्या एका गावातून पहिल्या यष्टीने आली होती. साठीच्या आसपासची, काटक, कासोटा घातलेली. दारातच उभी राहिली, आत येईना. हातात दाव्याचा तुकडा होता, तुटलेला.

"कागद छापतत तो छापखानो ह्योच मां?"

"हो. काय छापायचंय?" मी. छापखान्यात मी प्रमाण मराठीच बोलायची. घरी 'माका', 'तुका', आणि पेटीसमोर उभी राहिले की पुण्याची.

"माझी म्हस हरवली आसा," ती म्हणाली आणि दाव्याचा तुकडा माझ्या टेबलावर ठेवला, जणू मी त्याच्यावरून म्हैस शोधून देणार होते. "मंगळी नाव तिचा. गाभण आसा गो. नव म्हयने होवन गेले. सड्यार चरूक सोडलेली, ती गेलीच. कोंडवाडो बघलो, वाडीवाडी फिरलंय. आता येकलीच खंय झाडीत व्याली, तर पाडकू तरी रवात काय?"

जनाकाकीला नवरा नव्हता, मूल नव्हतं. गावातल्या दोन चहाच्या हॉटेलांना ती दूध घालायची. हे सगळं तिने सांगितलं नाही, अण्णांनी खोदून विचारलं तेव्हा कळलं. तिने सांगितलं ते म्हशीचं. मंगळी भित्री आहे. मंगळीला केळीची सालं आवडतात. आणि मंगळीचं उजवं शिंग खाली वळलेलं आहे, डावं वर.

"ह्यां असां," म्हणत तिने दोन्ही हात डोक्याला लावले, डावा वर, उजवा खाली, आणि बाजारातल्या छापखान्यात मधोमध म्हैस होऊन उभी राहिली. ती हसत नव्हती. मीही हसले नाही, एवढं त्या बावीस वर्षांच्या पोरीच्या बाजूने सांगते.

"अण्णानू, म्हशीचो फोटो घालूक येतलो? आमच्या हय वाचणारे थोडे. बघणारे मातर सगळे."

आमच्याकडे चित्रांचे ठसे तीनच होते. गणपती, कलश आणि सनईवाला. अण्णांनी माझ्याकडे बघितलं. मी आधीच पेन्सिल कानावरून काढली होती.

म्हैस करायला मला दीड दिवस लागला. तिच्याइतकं चांगलं मी आधी काही केलं नव्हतं, आणि खरं सांगते, नंतरही नाही. अंगाला मी ठ आणि ढ भरले, ठळक टाइपातले, कारण ते काळे दिसतात आणि कामातही फारसे लागत नाहीत. तोंड समोर, तुमच्याकडे बघणारं. नाकपुड्यांना दोन शून्यं. शिंगांना पत्रिकेच्या टाइपातले मोठे कंस, एक वर, एक खाली वळवून. पायांना ॥ आणि ॥. पत्रिकेवर श्रीच्या दोन बाजूंना असतात ना, तेच. म्हैस अशी उभी राहिली, की बादली घेऊन जवळ जावं.

स्टिकमध्ये एवढी मोठी म्हैस मावेना, म्हणून मी ती थेट लोखंडी पाटीवर मांडली. माझं पेन्सिलचं चित्र शेजारी ठेवलं, आणि पाय खाली, डोकं वर अशी, जशी डोळ्यांना दिसायला हवी तशी बसवत गेले. अधूनमधून दोन पावलं मागे जाऊन बघायची. मान वाकडी करून. चित्रकार करतात म्हणे तसं.

मजकूर तिच्याखाली. 'काळी म्हैस, गाभण, उजवे शिंग खाली वळलेले' असं अण्णांनी लिहून दिलं होतं. ओळ लांब होत होती आणि तिच्यामुळे माझ्या म्हशीची शेपटी कापावी लागत होती. मी 'उजवे' काढून 'एक' घातलं. म्हटलं, चित्रात दिसतंय की! शेपटी वाचली. शेपटी फार सुंदर होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी, कागद छापून झाल्यावर, जनाकाकी आली. सगळ्यात वरचा कागद तिने हातात घेतला. बराच वेळ बघितला. काहीतरी बोलायला तिने तोंड उघडलं, असं मला आज आठवतं. तेव्हा मला वाटलं, ती भारावली. मी तिला मदत करावी म्हणून म्हणाले, "कशी आहे? हुबेहूब ना?"

"बरी आसा," ती म्हणाली. गठ्ठा पदरात बांधला आणि यष्टी चुकेल म्हणून पळाली.

त्यानंतर आठ दिवस मी बाजारातून छाती काढून चालत होते. यष्टी स्टँडवर, दूध डेअरीवर, भाताच्या गिरणीवर माझी म्हैस लागली होती. स्टँडवरच्या कागदासमोर उगाच उभी राहायची, कुणी 'ही कोणी केली?' विचारतं का बघायला. एकाने विचारलं. "देवगडाची गाडी गेली काय?" असं विचारलं.

इकडे तुळशीचं लग्न झालं आणि माणसांची लग्नं सुरू झाली. मोठ्या टाइपात ॥ दोनच होते आणि दोन्ही म्हशीखाली.

"म्हशीचे पाय काढ गो," अण्णा म्हणाले. "कांबळ्यांच्या झिलाचा लगीन आसा."

पाय काढले. मग शिंगं गेली, मग पोट. ठ आणि ढ आपापल्या खणात जाऊन पडले. मला वाईट वाटलं, पण कलावंताने तेही सोसायचं असतं.

त्याच दिवशी चार वाजता समोरच्या हॉटेलातून भजी आली. आमचे बिघडलेले कागद त्या हॉटेलात पुड्यांना जात. छापखान्याची रद्दी आणि त्यांची भजी, अशी देवाणघेवाण होती. पुडी सोडली तर आत माझीच म्हैस होती. शाई जास्त झाली म्हणून बाजूला काढलेला कागद. छापलेली बाजू खाली, भजी कोऱ्या बाजूवर, आणि खोबरेल तेलाने कागद असा भिजलेला, की मागची म्हैस आरपार दिसत होती.

मी भजं तोंडात घातलं आणि म्हशीकडे बघितलं. ही म्हैस बरोबर होती.

म्हणजे कशी, तर जनाकाकी उभी राहिली होती तशी. उजवं खाली, डावं वर. आणि मागून जर ती बरोबर दिसत होती, तर पुढून...

मी कागद पालटला. पुन्हा पालटला. मग भिंतीवर मोठ्या हौसेने चिकटवलेल्या माझ्या प्रूफासमोर जाऊन उभी राहिले. डावं शिंग खाली. पन्नास अक्षरं मिटल्या डोळ्यांनी उलटी लावणारी ही बाई, आणि म्हैस तिने सुलटी लावली होती. शिशावर सुलटी, म्हणजे कागदावर उलटी. अक्षरं लावताना काम हाताचं होतं. म्हैस लावताना मी दोन पावलं मागे जाऊन डोळ्यांनी काम केलं आणि हातांना विचारलंच नाही. आधीची जनावरंही अशीच उलटी उमटली असणार. पण मांजर इकडे बघतं की तिकडे, कोण विचारतो? आणि 'उजवे' हा एक शब्द, जो सगळं सावरून घेणार होता, तो मी शेपटीसाठी काढला होता.

त्या पोरीच्या मनात पहिला विचार काय आला, तेही सांगून टाकते. कुणाला कळणार नाही. म्हैस तर मोडली होती. प्रूफ फाडायचं, पुडीचा बोळा करायचा, झालं. बोळा मी केलाही. मग तो हातात धरून उरलेली भजी खाल्ली, कारण कठीण प्रसंगी मला भूक लागते. आणि शेवटचं भजं संपता संपता टेबलावर नजर गेली. तो दाव्याचा तुकडा अजून तिथेच होता. जनाकाकी विसरून गेली होती. प्रूफांवर वजन म्हणून मीच वापरत होते.

मी बोळा सोडवला आणि अण्णांपुढे ठेवला.

अण्णांनी चष्मा वर केला, कागद पालटून बघितला. ओरडतील म्हणून मी पेटीला धरून उभी होते. त्यांनी उरलेलं भजं शोधलं, सापडलं नाही.

"अक्षर उलटा वाचूक मी तुका शिकवलंय," ते म्हणाले. "म्हस उलटी बघूक पण मीच शिकवूची होती?" आणि थोड्या वेळाने, मशीनकडे तोंड करून, "प्रूफ मी पण बघलंय. माका शेपटी आवडली." मग म्हणाले, "पुन्यांदा छापूक पाय नाय तिका. उद्या पयल्या यष्टीन जा. कागद घेवन जा दोन."

दुसऱ्या दिवशी जनाकाकीच्या खळ्यात उभी राहून मी सांगितलं. पुण्याची मराठी कुठे गेली कुणास ठाऊक. "काकी, माझ्यान चूक झाली. शिंग उलटा छापलंय." ती गोठा झाडत होती. रिकामा गोठा. दहा-बारा दिवस गुरं नसलेला गोठा ती रोज झाडत होती. ऐकताच तिने केरसुणी ठेवली, खुंटीवरचं नवं दावं घेतलं आणि चालायला लागली.

कसालच्या बाजारात मी एकेकाला कागद दाखवून विचारत होते, "हिच्या उलटी म्हस बघल्यात काय?"

चहावाला म्हणाला, "उलटी? पाय वर?"

"नाय हो, शिंग!"

"शिंगार उभी?"

तिसऱ्या की चौथ्या माणसाने सांगितलं, की तिठ्यापलीकडे भिवाकडे कुणाची तरी गाभण म्हैस बांधलेली आहे. तो मालक शोधतोय.

भिवा भाताची उडवी रचत होता. माझा कागद त्याच्या गोठ्याच्या कुडाच्या भिंतीला लावलेला होता, चार कोपऱ्यांना भात चिकटवून.

"रोज सकाळी ह्यो कागद बघतंय आणि मगे म्हशीक बघतंय," तो म्हणाला. "सगळा जुळता. शिंग जुळणा नाय. ह्येचा डावा, तिचा उजवा. दुसऱ्याची म्हस दुसऱ्याक दिली, तर देव माका काय म्हणात?"

मी कागद कुडावरून ओढून काढला. पालटला. सूर्याकडे धरला. पातळ कागदातून म्हैस काळीभोर दिसत होती, अक्षरं सगळी उलटी, आणि उजवं शिंग खाली. "आता बघा!" मी म्हणाले.  वकिलाने कोर्टात शेवटचा पुरावा काढावा तशी मी उभी होते. भिवा डोळे बारीक करून कागदाकडे बघायला लागला.

जनाकाकी आम्हा दोघांना ओलांडून गोठ्याच्या दारात गेली.

"मंगळे," ती म्हणाली.

आतून असं हंबरणं आलं, की उडवीवरची पाखरं उडाली. पुरावा माझ्या हातातच राहिला. मंगळीने कागदाकडे ढुंकूनही बघितलं नाही. तिने जनाकाकीचा खांदा हुंगला आणि मग पदर चावायला लागली. पदरात केळीची सालं होती. इतके दिवस ती सालं बांधूनच फिरत होती.

परतीला आम्ही चालत निघालो. पुढे म्हैस, तिचं दावं धरून जनाकाकी, मागे मी. पोटुशी म्हैस, त्यामुळे वेग तिचा. बराच वेळ मला राहवत नव्हतं, शेवटी विचारलं.

"काकी, तुमका त्या दिवशी समाजला नाय? कागद बघलात तेवा?"

"समाजला तर. पयल्या नजरेक समाजला."

"मगे बोललात कित्याक नाय?"

ती थांबली नाही. "तुमी शिकलेली माणसां. माका वाटला, छापल्यार असांच येत आसतला."

मी एवढ्या वर्षांत खूप बोलणी खाल्ली, अण्णांची, गिऱ्हाइकांची, सासूची. असं बोलणं कुणी मला ऐकवलं नाही. आणि ती तर ऐकवतही नव्हती, खरंच तिला तसं वाटलं होतं. स्वतःच्या म्हशीचं शिंग तिने हाताने चोळून वाढवलेलं, आणि बावीस वर्षांची एक पोर नाक वर करून 'हुबेहूब ना?' म्हणाली, तर तिने स्वतःच्या डोळ्यांना गप्प बसवलं. तोंड उघडलं होतं तिने. मीच ते माझ्या प्रश्नाने मिटवलं.

त्यानंतर छापखाना बंद होईपर्यंत मी प्रूफ कुणाला दाखवताना 'कसं आहे?' विचारलं नाही. 'चुकलंय कुठे?' असं विचारलं. लोक आधी दचकायचे. मग सांगायचे. पुष्कळ चुका निघायच्या. अण्णा म्हणायचे, "ह्या चेडवान धंदो बुडवूक घेतल्यान." पण तेही तसंच विचारायला लागले होते.

पंधरा दिवसांनी यष्टीच्या कंडक्टरबरोबर खरवस आला, केळीच्या पानात बांधलेला. पाडी झाली होती. अण्णांनी पहिला तुकडा तोंडात घातला, डोळे मिटले आणि म्हणाले, "चुकी बरी केलंस तू." मोराच्या वेळी असं कुणी म्हणालं नव्हतं.

शिमग्यानंतर मी पाडी बघायला गेले. गोठ्यात आता दोघी होत्या, आणि मंगळीच्या डोक्यावर, कुडाला, माझा कागद होता. मी जवळ जाऊन बघितलं. जनाकाकीने त्याला खोबरेल तेल चोपडलं होतं आणि छापलेली बाजू कुडाकडे करून चिकटवला होता. खालच्या ओळी सगळ्या उलट्या. म्हैस बरोबर.

"काकी, पण आता वाचूक येणा नाय," मी म्हणाले. उलटं वाचणारी कंपोझिटर मी, मला मात्र ते घडाघडा येत होतं.

जनाकाकी धार काढत होती. बादलीवरचं डोकं वर न करता म्हणाली, "वाचूचा कित्याक? म्हस गावली मां?"